पर्वणीच्या तीन दिवसांवर धंदा लावू नका

कुंभमेळ्यावरच्या व्हिडिओनंतर बॅचमध्ये जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. "सर, रामकुंडाजवळ स्टॉल मिळेल का? कितीला मिळेल?" या प्रश्नावर माझं मत जरा वेगळं आहे, म्हणून लिहूनच काढतो.

आधी तारखा, कारण अर्ध्या लोकांना त्या पाठ नाहीत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. मोठी स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला. त्र्यंबकेश्वरचं तिसरं स्नान १२ सप्टेंबरला. सिंहस्थ संपतो जुलै २०२८ मध्ये. म्हणजे कार्यक्रम वीस-एकवीस महिन्यांचा आहे आणि आपण सगळे डोळे लावून बसलोय तीन दिवसांवर.

त्या तीन दिवसांचं गणित मांडून बघा. समजा चहाच्या स्टॉलला घाटाकडच्या रस्त्यावर जागा मिळाली आणि जागामालकाने सिझनचे दीड लाख मागितले. दूध, साखर, गॅस, कप, पोऱ्याचा पगार जाऊन एका चहामागे ५ रुपये उरतात असं धरा. नुसतं भाडं सुटायला ३०,००० चहा विकावे लागतील. तीन पर्वण्यांत बसवायचे तर दिवसाला १०,०००. सोळा तास न थांबता विकलात तरी दर सहा सेकंदांना एक कप! आणि हे सगळं भाडं फेडण्यासाठी, तुमच्या खिशात अजून रुपया आलेला नाही. जागा घ्यायची तर घ्या, पण ही आकडेमोड आधी कागदावर करा आणि मग ॲडव्हान्स द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पर्वणीच्या दिवशी गर्दी कुठून जाणार हे ना तुम्ही ठरवता ना जागामालक. ते पोलीस ठरवतात, आणि ते बरोबरच आहे. २००३ च्या चेंगराचेंगरीत तीसहून जास्त भाविक गेले, ते नाशिक विसरलेलं नाही. म्हणूनच २०१५ ला पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, इतकं बॅरिकेडिंग झालं की लोकांना कित्येक किलोमीटर चालावं लागलं आणि अपेक्षेपेक्षा कमी माणूस घाटावर पोचला. माझ्या ओळखीतल्या एका प्रसादवाल्याने त्या दिवसासाठी भरलेला माल तसाच पडून होता. दुसऱ्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला आणि गर्दी उसळली, पण तोवर त्याने माल अर्ध्या भावात काढून टाकला होता. एक बॅरिकेड इकडचं तिकडे झालं की तुमचा 'मोक्याचा' स्टॉल गल्लीच्या टोकाला जातो. असल्या गोष्टीवर कर्ज काढायचं नसतं.

मग कमवायचं कुठे? मधल्या दिवसांत, आणि बॅरिकेडच्या बाहेर. गर्दीला घाबरणारे लोक, म्हातारे आईवडील घेऊन येणारी कुटुंबं पर्वणी टाळून येणार. ती येणार नाशिकरोड स्टेशनवरून, काळाराम, सीतागुंफा, तपोवन बघणार, त्र्यंबकला जाणार, जमलं तर वणी आणि शिर्डी करणार. त्यांच्या वाटेवर तुमचं आत्ताचं दुकान असेल तर नवीन जागेची गरजच नाही. आहे त्या दुकानाबाहेर हिंदीत ठळक रेटबोर्ड लावा. बसायला कोरडी जागा, प्यायला पाणी, मोबाईल चार्जिंग द्या. ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस, त्र्यंबकला तर विचारूच नका. छत्री, रेनकोट, मोबाईलसाठी वॉटरप्रूफ पाऊच, कोरडे टॉवेल हा माल पेढ्यांइतकाच खपेल असं मला वाटतं.

खाण्याचा धंदा असेल तर पंचांग उघडून बसा. गंमत नाही करत. उत्तरेकडच्या लोकांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, म्हणजे पहिल्या स्नानाला येणारे बरेच जण श्रावण पाळत असतील. आपला श्रावण त्याच स्नानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. ११ सप्टेंबरला एकादशी आहे. मिसळीवर माझं प्रेम आहे, पण त्या दिवशी साबुदाणा खिचडी, भगर आणि कांदा-लसूण नसलेली पुरी-भाजी चालणार. आणि एक गोष्ट बॅचमध्ये कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. ४ सप्टेंबरला गणपती बसतायत आणि अनंत चतुर्दशी १४ ला आहे. तिसरी पर्वणी भर गणेशोत्सवात! मंडपवाला, टेम्पोवाला, पोऱ्या, फुलं, सगळ्यांवर दोन्हीकडून ताण येणार. ज्याला जे बुक करायचंय त्याने ते उन्हाळ्यातच करावं.

पर्वणीच्या आदल्या दिवशी माल भरून ठेवा, कारण गाडी आत येणार नाही. कामगारांची झोपायची सोय दुकानातच करा. गर्दीत नेटवर्क बसतं, यूपीआय अडकतं, तेव्हा दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर हवीच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. एफएसएसएआयची नोंदणी चहाच्या टपरीलाही लागते. फेरीवाल्यांना भांडवल हवं असेल तर महिन्याला टक्केवारी लावणाऱ्याकडे जाण्याआधी पीएम स्वनिधी बघा. पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००. आणि माझं स्वतःचं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे म्हणून हे हक्काने सांगतो, थर्माकोलच्या प्लेटी आणि प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग राज्यात २०१८ पासून बंद आहेत. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये दंड. द्रोण, पत्रावळी, कागदी पिशव्या घ्या. माझ्याकडूनच घ्या असं म्हणत नाही.

आता ज्यावरून बॅचमध्ये खरा वाद झाला तो मुद्दा. एका ताईंचं म्हणणं, बाहेरचा माणूस परत थोडाच येणार आहे, त्याला वीसची वस्तू तीसला दिली तर काय बिघडलं? पॅकबंद वस्तू एमआरपीच्या वर विकणं गुन्हा आहे, तो भाग सोडा. अहो, तुमचा रेटबोर्ड गल्लीतलं गिऱ्हाईकही वाचतं. त्याच्याकडून दोन महिने तीस घेतलेत तर मेळा उठल्यावर वीसला बोलावून तो येईल का? गंगेवर गर्दी असेल तेव्हा आपले नाशिककर घराबाहेर पडणार नाहीत. त्यांना आदल्या आठवड्यात फोन करून विचारा, काय हवं नको ते घरपोच द्या. मी माझ्या नेहमीच्या ऐंशी-नव्वद गिऱ्हाइकांची यादी याच कामासाठी करायला घेतलीय.

पुढच्या शनिवारच्या बॅचला येताना प्रत्येकाने आपल्या दुकानाचा, मालाचा आणि भाड्याचा हिशोब लिहून आणा. ज्यांनी कुठे जागेसाठी ॲडव्हान्स दिलाय त्यांनी पावतीही आणा. पावती मिळालीच नसेल तर त्यांच्याशी आधी बोलू.