सांगलीचा आराखडा आणि पूररेषेतली आपली रानं

सांगलीत आयर्विन पुलाखाली 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका. 2005 साली पाणी जवळपास 54 फुटांवर गेलं, ऑगस्ट 2019 ला 57 च्या पुढं, आणि दोन वर्षं व्हायच्या आतच जुलै 2021 मध्ये पुन्हा 54 च्या वर. सोळा वर्षांत तीन महापूर. नकाशावरची निळी रेषा मात्र 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची.

'शाश्वत शहर' हा शब्द आता प्रत्येक भाषणात असतो. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली 2030 पर्यंतची 17 उद्दिष्टं ठरवली, त्यातलं अकरावं शहरांचं. पुरानं होणारं नुकसान कमी करा, हे त्यात आहेच. शहर आणि भोवतालची खेडी यांचं नियोजन जोडून करा, हेही आहे. या दुसऱ्या गोष्टीवर आपल्याकडं कोणी बोलत नाही.

पाणी काय महापालिकेची हद्द बघून थांबत नाही. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणा फुगलेली असली की वरचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं आणि आडवं पसरतं. ते पसरायला जागा म्हणजे ओढे, नाले आणि नदीकाठची काळी रानं. शहर वाढलं ते याच रानांवर. शामरावनगरसारख्या भागात काळ्या मातीत गुंठेवारी झाली, ओढे बुजले, आता पूर नसला तरी नुसत्या पावसानं दारात तळं होतं. तिथं राहणारा माणूस श्रीमंत नाही. त्याला शहरात दुसरीकडं जागा परवडली नाही म्हणून तो तिथं आला.

बरं, विकणारा कोण? आपल्यातलाच शेतकरी. त्याला दोष देणं सोपं आहे. पूरपट्ट्यात एकरी चाळीस-पन्नास टन ऊस निघाला आणि टनाला तीन हजारांच्या आसपास दर धरला, तर खर्च न वजा करता सव्वा-दीड लाख होतात. ऊस आठ दिवस पाण्याखाली राहिला की तेही गेलं. शहराला लागून असलं तर एका गुंठ्याला काही लाख मिळतात, आणि एकरात गुंठे 40. निळ्या रेषेत बिगरशेती परवाना मिळत नाही, मग व्यवहार स्टँपवर होतो. सरकारनं 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 मध्ये वाढवून डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. 2025 ला तुकडेबंदीतले छोटे जुने व्यवहारही नियमित करायचं ठरलं. एका हातानं रेषा आखायची आणि दुसऱ्या हातानं पुसायची, असंच चाललंय.

माझं म्हणणं एवढंच, की पूररेषेतलं रान रान म्हणून राहिलं तर त्याचा फायदा शहराला होतो. मग त्याचं मोल आराखड्यात लावा. बागेला, शाळेला आरक्षण टाकलं की मोबदल्याची भाषा होते, पाणी साठवणाऱ्या शेताला फक्त बंदी. जागतिक बँकेच्या मदतीनं पुराचं पाणी दुष्काळी भागात न्यायची योजना चर्चेत आहे. ती व्हावीच, पण तोवर निम्मे ओढे बुजलेले असतील तर पुराचा शहरातला मार काय कमी होणार?

साताऱ्याची गोष्ट वेगळी. गाव डोंगराच्या उतारावर, त्यामुळं सांगलीसारखी भीती नाही. पण 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर असे भाग शहरात आले, आणि अजिंक्यतारा व यवतेश्वरच्या उतारावरनं येणारे ओढे याच वस्त्यांमधनं खाली जातात. पुढं वेण्णा आणि कृष्णा संगम माहुलीला मिळतात, तेच पाणी कराडवरनं सांगलीला. साताऱ्याला ओढे मोकळे ठेवायला अजून वेळ आहे, सांगलीसारखं बुजल्यावर उकरायची पाळी आलेली नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना ठरावीक मुदत असते, आणि हरकत कुणालाही घेता येते, शहरातलाच माणूस लागतो असं नाही. ओढ्याकडंला रान असणाऱ्यांनी अर्जासोबत सातबारा, गटाचा नकाशा आणि 2019, 2021 ला पाणी कुठवर आलं त्याचे फोटो जोडावेत. पोच घ्यायला विसरू नका.