वडीलधाऱ्यांचे छायाचित्र : घरच्या खिडकीपाशी

श्रद्धांजलीच्या पानांवरील छायाचित्रे लक्षपूर्वक पाहिली, तर एक गोष्ट मनाला बोचते. ज्यांनी आयुष्यभर पेढी सांभाळली, व्रत-तपस्येने घराला वळण लावले, त्यांचे छायाचित्र बहुधा कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून कापून घेतलेले असते. चेहरा अस्पष्ट, खांद्यावर दुसऱ्याचाच हात! घरातील प्रत्येक मोबाइलमध्ये शेकडो चित्रे साठलेली असतात. परंतु आजी-आजोबांचे स्वतंत्र, निवांतपणे काढलेले एकही नसते. दुःखाच्या प्रसंगी अशी शोधाशोध करण्यापेक्षा ते हयात व प्रसन्न असतानाच हे काम करणे योग्य नव्हे काय?

त्यासाठी गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठांना स्टुडिओचे जिने चढवण्याची गरज नाही. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे मेरठजवळील सरधना येथील जैन जवाहिऱ्यांच्या कुटुंबातील. ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. त्या काळातील बहुतेक स्टुडिओंचा आधार म्हणजे काचेचे छत किंवा मोठी खिडकी आणि तीतून येणारा दिवसाचा उजेड. तो उजेड आपल्या घरातही आहे.

ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, अशी मोठी खिडकी निवडावी. ऊन येत असल्यास पातळ पांढरा पडदा ओढावा. सकाळी पूजा-सामायिक आटोपल्यानंतरची वेळ उत्तम. तेव्हा चेहऱ्यावर थकवा नसतो. खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर, किंचित तिरपी ठेवावी, म्हणजे उजेड चेहऱ्याच्या एका बाजूने येतो. दुसऱ्या बाजूस फार सावली पडल्यास तेथे कोणीतरी पांढरी चादर धरावी. खोलीतील दिवे बंद करावेत. दोन प्रकारच्या प्रकाशाने त्वचेचा रंग बिघडतो.

मागे कॅलेंडर, स्विचबोर्ड किंवा कपाट दिसू नये. भिंत साधी असावी आणि खुर्ची तिच्यापासून चार-पाच फूट पुढे असावी. पांढरी साडी किंवा पांढरा सदरा असल्यास मागे फिकट राखाडी वा निळसर चादर लावावी; पांढऱ्यावर पांढरे उठून दिसत नाही.

मोबाइलची काच प्रथम मऊ कापडाने पुसावी. मागील कॅमेरा वापरावा व तो डोळ्यांच्या उंचीवर धरावा. फार जवळ गेल्यास नाक मोठे दिसते. म्हणून पाच-सहा फूट दूर उभे राहून दुप्पट झूम करावे. पडद्यावर डोळ्यांवर बोट टेकवून फोकस घ्यावा. चष्म्यावर चकाकी आल्यास हनुवटी थोडी खाली घ्यावयास सांगावे. चष्मा मात्र काढू नये. नातवंडांना आजोबा चष्म्यासहच ठाऊक असतात. ‘हसा’ म्हणण्यापेक्षा जुन्या दुकानाची वा पहिल्या तीर्थयात्रेची गोष्ट काढावी आणि बोलता बोलता वीस-पंचवीस चित्रे घ्यावीत. त्यांतले एक मनासारखे निघतेच.

चेहरा गुळगुळीत करणाऱ्या सोयी कटाक्षाने टाळाव्यात. सुरकुत्या ही त्या आयुष्याची जमापुंजी आहे. हीच पद्धत मुला-मुलींच्या विवाह-परिचयपत्रासाठीही उपयोगी पडते, आणि हाच नियम तेथे अधिक लागू होतो. संबंध जुळण्याआधीच छायाचित्रात असत्य आले, तर पहिल्या भेटीतच विश्वासाला तडा जातो.

शेवटी जतनाविषयी. आठ बाय दहा इंचांची उत्तम प्रत काढण्यासाठी सुमारे २४०० बाय ३००० पिक्सेलचे चित्र लागते. आजचे बहुतेक मोबाइल ते सहज देतात. मात्र व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवल्यास ते लहान होते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. मूळ चित्र दोन ठिकाणी जपून ठेवावे. छापील प्रतीच्या मागे नाव, गाव व तारीख लिहावी.

ही प्रत कपाटात ठेवून देऊ नये. ती आजी-आजोबांच्या हाती द्यावी. आपले छायाचित्र पाहण्याचा आनंद प्रथम त्यांचा आहे.