रत्ना कुणी खाल्लाय का?

दर वर्षी एप्रिल उजाडला की आमच्या ऑफिसच्या पँट्रीत आंब्याच्या तज्ज्ञांची समिती बसते. एरवी ही मंडळी प्रॉडक्शनला काय बोंब झाली यावर बोलतात, पण एप्रिल-मेमध्ये विषय एकच. देवगड की रत्नागिरी, पेटी कुणाकडून घेतली, यंदा भाव काय. मी पडलो रत्नागिरीचा, त्यामुळे माझ्याकडे सगळे आशेने बघतात. ओळखीतून पेटी मिळेल का? मिळते की. पण मग आठवड्याने तक्रारही माझ्याकडेच येते. "अरे, बारातले तीन साक्याचे निघाले यार!"

तर आज साक्याबद्दलच लिहितो. जरा चिडूनच लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

साका म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आंबा बाहेरून केशरी, सुंदर, वास घमघमीत. कापला की आत कोयीभोवती फिकट, पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून ओळखायची सोय नाही. आणि ही काही काल-परवाची भानगड नाही. मुंबई इलाख्याचे फळबागतज्ज्ञ चीमा आणि त्यांचे सहकारी दाणी यांनी 1934 मध्येच त्याची नोंद करून ठेवली आहे. म्हणजे बग नव्वद वर्षांपूर्वी रिपोर्ट झालाय. पुढे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या लोकांनी 2004 च्या सुमारास दाखवलं की यात कोयीचा हात आहे. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की आतली कोय रुजायची तयारी सुरू करते, आणि त्याची किंमत भोवतालचा गर मोजतो. म्हणूनच कोकणात सांगतात, आंबा चौदा आणे तयार झाला की काढा, सोळा आण्याची वाट बघू नका.

आता गंमत बघा. आपल्याला हवा असतो 'झाडावर पिकलेला, एकदम नॅचरल' आंबा. जाहिरातीत तेच लिहिलेलं असतं आणि आपण दोनशे रुपये जास्त देतो. म्हणजे ज्याने साका वाढतो तेच मागायचं, आणि साका निघाला की बागायतदाराला शिव्या घालायच्या.

पण माझा मूळ राग याच्यावर नाहीये. माझा राग यावर आहे की हा प्रश्न सुटून चाळीस वर्षं उलटली, आणि ते उत्तर आपण खात नाही.

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 18 मे 1972 ला सुरू झालं. त्याच्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 1981 मध्ये 'रत्ना' ही जात दिली. साका नाही. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. रत्ना दर वर्षी धरतो. फळ मोठं, गर केशरी, रेषा नाहीत. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 1992 मध्ये 'सिंधू' आला, त्याची कोय इतकी पातळ की बघून हसू येतं. आंब्याच्या संकराला वर्षानुवर्षं लागतात हो. मोहोरातल्या बारीक फुलांवर हाताने परागकण लावायचे, त्यातली बहुतेक फळं गळणार, उरलेल्यांच्या कोया लावायच्या, झाडं मोठी होऊन फळ धरेपर्यंत थांबायचं, मग त्यातलं एखादं निवडायचं. आपला स्प्रिंट दोन आठवड्यांचा असतो आणि त्यातही आपण रडतो.

आणि एवढं करून? रत्ना कुणी खाल्लाय का? पँट्रीत विचारलं तर एकजण म्हणाला, "हा कुठला ब्रँड?"

आमच्या भाऊकाकांची पावसजवळ बाग आहे. 1990 मध्ये सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, तेव्हा लागवडीला शंभर टक्के अनुदान होतं. काकांनी दोन वर्षांनी शंभर कलमं लावली, त्यातली वीस रत्नाची. तेव्हा ते चाळिशीत होते, विद्यापीठाच्या मेळाव्यांना जायचे, वही घेऊन. आज वीसची वीस झाडं दणकून धरतात. आणि पुण्यातला दलाल रत्नाच्या पेट्या बघून तोंड वाकडं करतो, म्हणतो हापूसमध्ये मिसळा नाहीतर कॅनिंगला घाला. काका मिसळत नाहीत, त्यामुळे रत्ना जातो कॅनिंगला, किलोवर. मागच्या दिवाळीत काका म्हणाले, "बाबू, हापूसात साका निघालो तर गिऱ्हाईक फोन करून भांडता. रत्नाक गिऱ्हाईकच नाय, भांडतलो कोण?"

"पण चव हापूसची ती हापूसची!" हे मला ठाऊक आहे, मीही त्याच मातीतला आहे. वास हापूसचाच भारी, कबूल. पण मंडळी, कर्नाटकातला आंबा रत्नागिरी म्हणून बाजारात सर्रास खपतो आणि आपण तो डोळे मिटून, 'आहाहा' करत खातो. म्हणूनच तर 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं ना? मग ती जिभेची परीक्षा रत्नाच्या बाबतीतच एवढी कडक कशी होते? गेल्या मेमध्ये मी काकांकडून दोन्ही आणले, फोडी करून पँट्रीत ठेवल्या, नाव न सांगता. अकरा जणांनी खाल्ल्या. पाच जणांनी रत्नाला हापूस म्हटलं. हे काही संशोधन नव्हे, कुणी अंगावर येऊ नका :-) पण समितीचे अध्यक्ष त्या पाचांत होते.

काजूचं उदाहरण घ्या. त्याच वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या 'वेंगुर्ला 4', 'वेंगुर्ला 7' अशा जाती दिल्या, आणि कोकणात त्या भराभर पसरल्या. का? कारण काजूगर खाताना 'कुठल्या जातीचा?' असं कुणी विचारत नाही. जिथे गिऱ्हाईकाला काही कळत नाही तिथे संशोधन शेतात पोचलं, आणि जिथे गिऱ्हाईक स्वतःला दर्दी समजतं तिथे अडकलं.

वर हेच दर्दी म्हणतात, "कृषी विद्यापीठं करतात काय? पांढरे हत्ती!" विद्यापीठाचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पदं रिकामी राहतात, आणि बांधावर फवारणीचा सल्ला शास्त्रज्ञाआधी औषधाच्या दुकानदाराकडून मिळतो हेही खरं. पण आंबा न आपटता उतरवणारा नूतन झेला, फळमाशीचा रक्षक सापळा, ही कामं तिथलीच आहेत. फळमाशीवरून 2014 मध्ये युरोपने आपला आंबा बंद केला तेव्हा चॅनेलवर अपमान-अपमान चालू होतं, सापळ्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. 2015 च्या सुरुवातीला बंदी उठली आणि विषय संपला.

आणखी एक, जे आपल्यासारख्यांना पटकन कळेल. हापूसचं प्रत्येक झाड कलमाने केलेलं. म्हणजे सगळी एकमेकांची कॉपी. किनाऱ्यावर मैलोनमैल एकच कोड चालू आहे, आणि हवामान हे असं. डिसेंबरात पाऊस, मोहोरावर तुडतुडे, थ्रिप्स, फेब्रुवारीतच ऊन. एकाला जे झेपत नाही ते कुणालाच झेपत नाही. शिवाय हापूसला स्वतःच्याच परागाने फळ नीट धरत नाही, म्हणून विद्यापीठ सांगतं की बागेत काही झाडं दुसऱ्या जातीची ठेवा, रत्ना, केसर वगैरे. म्हणजे तुमच्या लाडक्या हापूसलाही शेजारी रत्ना लागतो.

हे सगळं मी चुलतभावाला फोनवर ऐकवलं. कारण त्याने ठरवलंय की ती वीस झाडं छाटायची आणि त्यांच्यावर हापूसचं कलम करायचं. त्याचं गणित चुकलेलं नाही. कॅनिंगच्या भावात फवारणीचा खर्चही निघत नाही, आणि परागीभवनापुरती चार ठेवीन म्हणाला. काका काहीच बोलत नाहीत, वही मात्र अजून कपाटात आहे.

मी त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतलाय. येत्या मेमध्ये रत्नाच्या चाळीस पेट्या पुण्यात, रत्ना म्हणून, पेटीवर मोठ्या अक्षरात नाव छापून, हापूसच्या निम्म्या भावाच्या वर विकून दाखवायच्या. सध्या अकरा पेट्यांचं बुकिंग झालंय. त्यातल्या दोन समितीच्या अध्यक्षांच्या.