ब्रेकमधली हवा आणि पुस्तकातला वायू

भिलाई-३ च्या मार्शलिंग यार्डात मालगाडी सुटण्यापूर्वी डब्याडब्यांमधील रबरी नळ्या जोडल्या जातात, इंजिनातून त्यांत हवा भरली जाते आणि दाबमापकाचा काटा पाहिला जातो. 'पाच किलो हवा' म्हणजे काय, हे तेथील कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. असा एखादा कामगार रात्री मुक्त विद्यालयाचे पुस्तक उघडतो आणि 'स्थिर तापमानास वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते' या वाक्यापाशी थबकतो. दिवसभर ज्या हवेशी त्याचा व्यवहार झाला, तिच्याविषयीच हे वाक्य आहे, अशी त्याला शंकाही येत नाही. माझ्या मते हा दोष त्याचा नाही. आम्हा पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांचा आहे.

मी मराठीचा अभ्यासक. त्यामुळे माझे लक्ष सूत्राआधी शब्दांकडे जाते. 'पाच किलो' हे हवेचे वजन नव्हे. दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा तो दाब आहे. शिवाय मापक दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून अधिक असलेला दाब. बाहेरचा दाब सुमारे एक किलो धरला, तर नळीतील खरा दाब सहा किलो होतो. ही हवा, तापमान तेच ठेवून, दुप्पट जागेत पसरू दिली, तर मापकावर किती दिसेल? घाईने उत्तर येते, अडीच. खरे उत्तर दोन. कारण सहाचे निम्मे तीन, आणि त्यांतला एक बाहेरच्या हवेचा. रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम काट्यावरच्या आकड्याला नव्हे, या पूर्ण दाबाला लागू होतो. एवढा खुलासा न करता गणिते सोडवून घेणे मला अन्यायाचे वाटते.

त्याहून अवघड शब्द 'कार्य'. चालकाने ब्रेक लावला, की मुख्य नळीतील दाब कमी होतो. त्याबरोबर प्रत्येक डब्याखालच्या टाकीतील हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या ढकलते आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जातात. धावत्या गाडीचे डबे तुटून नळी उघडी पडली, तरी हेच घडते. म्हणून दाब कमी झाल्यावर ब्रेक लागणारी ही व्यवस्था अधिक सुरक्षित. येथे हवा प्रसरण पावताना दट्ट्या सरकवते, म्हणजे कार्य करते. परंतु ठोकळे चाकाला टेकले आणि दट्ट्या थांबला, की दाब तसाच असूनही हवेने दट्ट्यावर केलेले कार्य शून्य! विद्यार्थ्याला हे पटत नाही. चाक धरून ठेवणारी हवा काहीच करीत नाही, असे कसे म्हणावे? व्यवहारातले 'काम' आणि विज्ञानातले 'कार्य' येथे वेगळे होतात. दाब कितीही असो, आकारमान बदलल्याशिवाय हे कार्य होत नाही. हा फरक व्याख्येच्या चौकटीत बसवून मोकळे होण्याऐवजी विद्यार्थ्याला या प्रश्नावर थोडे भांडू द्यावे.

यार्ड न पाहिलेल्या विद्यार्थ्याने काय करावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो योग्यच आहे. पण सायकलचा पंप कोकणातही असतो आणि विदर्भातही. पंपाचे तोंड बोटाने घट्ट दाबून दट्ट्या खाली ढकलला, तर आतल्या हवेचा वाढता विरोध हाताला जाणवतो. भराभर हवा भरल्यावर पंपाचा खालचा भाग गरम होतो. त्याचे कारण घर्षण असे सांगून अनेकदा विषय संपवला जातो. घर्षणाचा वाटा असतोच. परंतु आपण हवेवर केलेल्या कार्यामुळेही तिची ऊर्जा वाढते. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही ती याच कारणाने : झपाट्याने दाबलेली हवा इतकी तापते, की तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते.

म्हणजे बॉईलच्या नियमातील 'स्थिर तापमानास' हे शब्द शोभेचे नाहीत. परंतु पाठ करताना विद्यार्थी नेमके तेच गाळतो. पुढील आवृत्तीत हा धडा पंपापासून सुरू करावा आणि सूत्र तिसऱ्या पानावर यावे, असे मी समितीपुढे मांडणार आहे. पाने वाढतील, ही तक्रार येईल. त्यासाठी व्याख्यांची एक चौकट वगळण्यास माझी हरकत नाही.