रेकॉर्डची मागची बाजू

गेल्या आठवड्यात आमच्या अक्काकडे चकल्या करायला गेलो होतो. ‘करायला’ हा शब्द मी थोडा सैल वापरतो आहे, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. माझे काम म्हणजे तिने सोऱ्यातून पाडलेल्या चकल्या कागदावरून उचलून कढईपर्यंत नेणे आणि वाटेत एखादीचे वेटोळे उलगडले तर ते निमूटपणे तोंडात टाकणे. तर असा आमचा उद्योग चालू असताना तिच्या नातवाने मोबाईलवर एक गाणे लावले आणि स्वयंपाकघराच्या दारातच हातपाय फेकून नाचायला सुरुवात केली. मी कान टवकारले. गाणे होते ‘रास्पुतिन’.

“आजोबा, हे एकदम नवीन आहे,” चिरंजीव म्हणाले.

“नवीन? अरे, हे 1978 सालचं गाणं आहे. तुझ्या बापाचा जन्म व्हायचा होता!”

त्याचा विश्वास बसला नाही. त्याचाही दोष नाही. 2021 साली या गाण्याला नवा साज चढवून कोणी ते पुन्हा बाजारात आणले आणि जगभरची पोरे त्यावर नाचू लागली. पण आम्ही ते पहिल्यांदा ऐकले ते गिरगावातल्या चाळीत, 1979 च्या दिवाळीत. आमच्या शेजारचे एक गृहस्थ बोटीवर नोकरीला होते. ते हॅम्बुर्गहून एक लाँगप्ले रेकॉर्ड घेऊन आले. ‘नाइटफ्लाइट टु व्हीनस’, म्हणजे शुक्राकडे रात्रीचे उड्डाण. गाणारी मंडळी ‘बोनी एम’. भाऊबिजेच्या संध्याकाळी त्यांच्या खोलीत ती तबकडी लागली आणि पाहता पाहता सारा मजला दारात गोळा झाला. अक्का माहेरी आलेली होती. तीही ओवाळणीचे तबक हातात तसेच धरून उभी राहिली.

त्या वेळी कव्हरावरचे चौघांचे चित्र आम्ही हातोहात फिरवून पाहिले. तीन स्त्रिया आणि एक पुरुष. त्या पुरुषाचे नाव बॉबी फॅरेल. अंगात वारे भरल्यासारखा नाचतो, अशी त्याची ख्याती. गाण्यातला तो खोल, खर्जातला आवाज त्याचाच, याबद्दल चाळीत कोणालाच शंका नव्हती.

खरी हकीगत पुढे कळली, आणि ती मोठी मौजेची आहे. जर्मनीत फ्रँक फार्यान नावाचा एक संगीतकार होता. मूळचा स्वयंपाकी, त्यामुळे कशात काय मिसळले म्हणजे काय होते याची त्याला उपजत जाण असावी. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याने एक नाचाचे गाणे मुद्रित केले. त्यातला जाडा आवाज त्याचा आणि वरचा, बायकी वाटणारा आवाजही त्याचाच! रेकॉर्डवर स्वतःचे नाव घालण्याऐवजी त्याने एका ऑस्ट्रेलियन टेलिव्हिजन मालिकेतल्या ‘बोनी’ या गुप्तहेराचे नाव उचलले आणि त्याला ‘एम’ चिकटवला. गाणे हॉलंड-बेल्जममध्ये गाजले, आणि टेलिव्हिजनवाले म्हणू लागले, हा वाद्यवृंद आमच्याकडे पाठवा. आता पंचाईत आली. वाद्यवृंद होताच कुठे? मग माणसे शोधली. जमैकात जन्मलेल्या लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट, माँटसेराट बेटावरची मेझी विल्यम्स आणि अरुबा बेटावरचा बॉबी फॅरेल. आधी बारसे आणि मग पाळणा, असा हा प्रकार.

या चौघांपैकी रेकॉर्डवर गाणाऱ्या दोघीच, लिझ आणि मार्सिया. पुरुषाचा आवाज खुद्द फार्यानचा. मेझी आणि बॉबी मुद्रणात गात नसत. ते रंगमंचाची शोभा. ही गोष्ट फार्यानने पुढे स्वतःच सांगून टाकली.

‘नाइटफ्लाइट’ हा त्यांचा तिसरा संच. यातल्या ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ने एकट्या इंग्लंडात पाच आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही आणि तिथे सुमारे 20 लाख प्रती खपल्या. आता हे गाणे कसले, तर बायबलातले 137 वे स्तोत्र! जमैकाच्या ‘मेलोडियन्स’नी ते 1970 साली गायिले होते, फार्यानने त्याला डिस्कोचा ठेका दिला. गुलाम करून परमुलखात नेलेली माणसे नदीकाठी बसून मायदेशाच्या आठवणीने रडताहेत आणि पकडणारे वर म्हणताहेत, ‘आता तुमचं एखादं गाणं म्हणा पाहू!’ आमच्या शेजाऱ्यांनी हा अर्थ सांगितला, तेव्हा भजनी मंडळात टाळ धरणारे आमचे अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग हा अभंगच की रे. यावर नाचतात कसे?” आणि लगेच स्वतःच म्हणाले, “आपण तरी दुसरं काय करतो म्हणा!”

त्याच गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’ हे गाणे होते. हा जमैकातल्या मुलींचा फेराचा खेळ. एकीला मध्ये उभे करायचे आणि बाकीच्यांनी हात धरून भोवती फिरत गायचे. आमच्या भोंडल्यात हत्ती मध्ये असतो, तिथे मुलगी असते, एवढाच काय तो फरक. गंमत अशी की, पुढच्या बाजूचे गाणे उतरणीला लागले असताना रेडिओवाले मागची बाजू वाजवू लागले, आणि विसाव्या क्रमांकावर घसरलेली ती रेकॉर्ड पुन्हा चढत चढत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. मागच्या बाजूचे नशीब असे क्वचितच उघडते.

मी नातवाला हे सारे रंगवून सांगितले. त्याला फक्त एकच गोष्ट लागली. नाच थांबवून तो म्हणाला, “म्हणजे तो नाचणारा नुसतं तोंड हलवायचा? मग तो चीटरच की!”

“आणि आपल्या सिनेमातले नट काय करतात?” मी वकिली सुरू केली. “ते तोंड हलवतात, गातं दुसरंच कोणी. त्यांना कोणी चीटर म्हणत नाही.”

“पण ते सगळ्यांना माहीत असतं,” तो म्हणाला.

पोराचे बरोबर होते. आणि आपल्याकडेही ते नेहमीच सर्वांना माहीत नसे. 1949 साली ‘महल’ चित्रपटातले लताबाईंचे गाणे देशभर गाजले, तेव्हा रेकॉर्डवर गाणारीचे नाव काय छापले होते? ‘कामिनी’! म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणारा गळा तबकडीत होता, नाव मात्र नव्हते.

इतका वेळ अक्का सोऱ्या फिरवीत होती. तिचा हात थांबला, आणि माझ्या एकदम लक्षात आले की, आपण नको त्या गल्लीत शिरलो.

वाचकहो, गोष्ट 1969 सालची आहे. अक्का पंधरा वर्षांची, मी अकरा. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात राधेचे एक गाणे बसवले होते. गळा अक्काचा, त्याबद्दल वाद नव्हता. पण अक्का सावळी, अंगाने भरलेली. बाईंनी विचार केला की, राधा कशी गोरी, नाजूक हवी. वर्गातली एक देखणी मुलगी पुढे उभी केली आणि अक्काला पेटीवाल्याशेजारी पडद्यामागे बसवले. गाणे असे झाले की, दोनदा ‘वन्समोअर’ मिळाला. पाहुण्यांनी खूश होऊन राधेला चांदीची वाटी दिली. पडद्यामागे कोण होते हे व्यासपीठावरून कोणी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरे त्या मुलीच्या आवाजाची तारीफ करीत होती. मला सत्य ठाऊक होते. एका वाक्याचे काम होते. पण ‘माझी बहीण पडद्यामागे होती’ म्हटले, की ‘पुढे का नव्हती?’ हा प्रश्न येणार, आणि त्याचे उत्तर द्यायची मला लाज वाटली. मीही मान डोलावली. वर म्हणालो, “हो रे, काय गोड गळा आहे तिचा!” अक्का खिडकीत उभी होती. तिने ऐकले की नाही हे मी तिला कधी विचारले नाही. पुढच्या महिन्यात तिने गाण्याचा क्लास सोडला. अभ्यास आहे म्हणाली.

कढईतले तेल तडतडत होते. न राहवून मी म्हणालो, “अक्का, त्या दिवशी मी...”

“ऐकलं होतं मी,” ती शांतपणे म्हणाली. “अकरा वर्षांचा होतास तू. सोड ते. आणि त्या मुलीलाही नावं ठेवू नकोस. संध्याकाळी ती वाटी घेऊन आपल्याकडे आली होती, तुला माहीत नाही. जिन्यात उभी राहून रडत होती. म्हणाली, ही तुझी आहे. मी घेतली नाही. मला वाटी नकोच होती रे. नुसतं नाव पुकारायला किती वेळ लागतो?”

मग तिने चकलीचे पीठ सोऱ्यात भरले आणि नातवाकडे वळून म्हणाली, “तो नाचणारा चीटर नाही हं. एवढं नाचायचं म्हणजे काय सोपं काम आहे? आणि तो जो मागे राहून गायचा, तो आपल्या मर्जीनं मागे राहिला. लपायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवलं तर ठीक. दुसऱ्यानं ठरवलं की मग दुखतं.”

मी गप्प झालो. याच फार्यानने पुढे ‘मिली व्हॅनिली’ नावाची आणखी एक जोडी उभी केली. गाणारे वेगळे, दिसणारे वेगळे. 1990 साली त्यांना ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षी काढूनही घेतले गेले. बदनामी झाली ती पुढे उभ्या असलेल्या दोघा पोरांची. मागे ज्यांनी गळे दिले त्यांची नावे तेव्हा फारच थोड्यांनी विचारली. अक्काच्या एका वाक्यात तो सारा खटला निकाली निघत होता.

आणि बॉबी फॅरेल? 1978 च्या डिसेंबरात बोनी एम मॉस्कोला गेले, तेव्हा तिथे ‘रास्पुतिन’ गाईले नाही. पण 2010 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये आदल्या संध्याकाळी कार्यक्रम करून तो हॉटेलात झोपला, तो उठलाच नाही. तारीख 30 डिसेंबर. याच शहरात, याच तारखेला, 1916 साली रास्पुतिन मारला गेला होता. ज्या गाण्यात त्याचा आवाज नव्हता, त्या गाण्याने त्याला शेवटपर्यंत सोडले नाही. फार्यान 2024 च्या जानेवारीत गेला.

नातवाने गाणे पुन्हा लावले. या वेळी ‘ब्राउन गर्ल’. अक्का चकल्या पाडता पाडता गुणगुणू लागली. शब्द तिचे नव्हते, सूर मात्र पक्का होता. मुलाने मोबाईल बंद केला. तिला ते कळलेच नाही. ती गातच राहिली. छप्पन्न वर्षांनी मी तो आवाज ऐकत होतो.

निघताना मी तिला म्हटले, “या दिवाळी अंकातल्या सदरात मी हे लिहिणार आहे. 1969 साली ते गाणं कोणी गायिलं ते सगळ्यांना कळू दे. तुझं पूर्ण नाव घालतो.”

चकल्यांचा डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, “लिही खुशाल. पण नाव नको घालूस हो. आता मला मागेच बरं वाटतं.”

म्हणून घातलेले नाही.