मासा मोजला, खाणारीचं काय?



देवणी भागात काम करताना गरोदर बायांना मी आग्रहानं सांगते, मिळत असतील तर मासे खा. त्यातून प्रथिनं मिळतात, लोह मिळतं. म्हणूनच त्या माशांत शिसं, कॅडमियम, पारा किती, हे विचारणंही मला माझंच काम वाटतं.

'आपल्याकडे कुठे कारखाने? हा प्रश्न मुंबईचा,' असं कुणी म्हणेल. ठाणे खाडीतल्या पाऱ्याचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ सालीच प्रसिद्ध केला, हे खरं. पण स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम शेतात येतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरू शकतं. कोळशाच्या धुरातला पारा वाऱ्यावर दूर जातो. मग मांजरेचं खोरं त्यातून सुटलं, असं न मोजता कसं म्हणायचं?

जपानमधल्या मिनामाता इथं १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्यानं समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांच्या पोटात गेला. कित्येक आया वरवर धडधाकट होत्या, त्यांची मुलं मात्र मेंदूला इजा घेऊन जन्मली. वार बाळाला विषापासून वाचवते, हा समज तिथं खोटा ठरला.

माशाचा तुकडा आम्लात विरघळवून यंत्रानं धातू मोजतात. बहुधा तो तुकडा मांसाचा असतो. पारा मांसात साठतो, तेव्हा त्यासाठी ते ठीक. कॅडमियम मात्र यकृत-मूत्रपिंडात आणि शिसं काट्यांत, कल्ल्यांत अधिक साठतं. आता आपल्या घरात बघा. चांगले तुकडे पुरुषांच्या ताटात, डोकं आणि उरलेला रस्सा बाईला. बारीक मासे तर काट्यांसकट खातात. म्हणजे तपासला जातो तो मासा आणि बाई खाते तो मासा एकच नाही! त्यातून लोह कमी असलेलं शरीर कॅडमियम जास्त शोषतं, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आढळला.

मिथिल पारा हा माशांत साठणारा, अधिक घातक पारा. गर्भाचा विचार करून जागतिक तज्ज्ञ समितीनं २००३ साली त्याची मर्यादा ठरवली : आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला हे ८० मायक्रोग्रॅम होतात. माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मिथिल पारा असेल, तर १६० ग्रॅम माशात तिची आठवड्याची मर्यादा संपते.

म्हणून आपली मागणी साधी आहे. तळ्यावरचे आणि बाजारातले मासे तपासा. डोकं, काटे, बारीक मासे वेगळे मोजा. पारा केसांतूनही कळतो. बायांची संमती घेऊन तोही तपासा. आकडे ग्रामसभेत मराठीत सांगा.

आणि आकडे वाईट निघाले, तर 'मासे सोडा' एवढंच सांगून हात झटकू नका. तिच्या ताटातला मासा जाईल, पाटी घेऊन बसणारीची रोजी जाईल, आणि विष सोडणारा तसाच राहील. बंद करायचं ते विष.