गृहारोग्य : एक देह, चार डॉक्टर

घाटकोपरच्या एक भगिनी लिहितात कीं, मामंजींना अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले. मधुमेह, रक्तदाब व गुडघेदुखी पूर्वींचींच. चार डॉक्टरांचीं मिळून अकरा औषधें रोज पोटांत जातात, तेव्हां त्यांतील कोणतीं बंद करावीं?

स्वतःच्या विचारानें एकही नाहीं. रक्तदाब मोजतां ठीक निघाला म्हणजे गोळीचें काम संपलें, ही समजूत सुशिक्षितांच्या घरींही आढळते. वास्तविक तो ठीक निघतो तो गोळीमुळेंच. 2005 व 2006 सालीं डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईच्या एच विभागांतील सुमारें दीड लक्ष वस्तीची पाहणी केली. तींत पहिलाच झटका आलेले 456 रुग्ण आढळले. त्यांचें सरासरी वय 66 होतें आणि बहुतेकांस रक्तदाबाचा विकार होता. ज्याला आपण जुनें, मामुली दुखणें म्हणतों, तेंच दुसऱ्या झटक्यालाही वाट करून देतें.

तथापि या भगिनींची काळजी अनाठायीं नाहीं. एकच औषध दोन डॉक्टरांकडून दोन नांवांनीं दिलें जातें, असें पुष्कळदां घडतें. गुडघ्यांसाठीं कोणाच्या सांगण्यावरून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर रक्तदाब चढविते, मूत्रपिंडांस अपाय करूं शकते आणि ॲस्पिरिन चालू असतां पोटांत रक्तस्राव होण्याचें भय वाढविते. म्हणून सर्व पाकिटें, काढे आणि चूर्णें सुद्धां, एका पिशवींत घालून घरच्या डॉक्टरांपुढें किंवा राजावाडी इस्पितळांत न्यावीं व सर्वांची मिळून एकच यादी करून घ्यावी. काय गाळावयाचें तें त्यांनीं ठरवावें.

आतां उपवासाविषयीं. एकादशीस वडील माणसें निराहार राहतात, मधुमेहाची गोळी मात्र नेमानें घेतात! मग साखर उतरते, घाम सुटतो, वाचा अडखळते, आणि घरच्यांना पुन्हां झटका आला असें वाटतें. साखर मोजण्याचें यंत्र घरीं असावें. ती उतरलेली असून रोग्यास नीट गिळतां येत असेल, तर साखरपाणी द्यावें. गिळतां येत नसेल तर तोंडांत कांहींही घालूं नये. परंतु तोंड वाकडें, हात लुळा किंवा बोलणें बोबडें दिसल्यास घरीं खल करीत बसूं नये, 108 ला फोन करावा. गुठळी विरघळविणारें इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि घाटकोपरहून परळचा रस्ता संध्याकाळीं किती वेळ खातो तें मुंबईकरांस सांगावयास नको. जवळच्या कोणत्या इस्पितळांत सी.टी. स्कॅन अहोरात्र होतो, तें आजच विचारून ठेवावें.

लोणचें-पापडांतील मिठाविषयीं पुढील अंकीं.